इराणला जाण्याआधी, आणि पोहोचल्यावर

इराणला जायचे म्हटले की घरातून पहिला प्रश्न येतो तो "तिथेच कशाला?" असा, आणि विचारणाऱ्याला दोष देता येत नाही. 1979 ची क्रांती, त्याच वर्षी तेहरानच्या अमेरिकी दूतावासात ओलीस धरलेली माणसे आणि त्यांची 444 दिवसांची कैद, इराकशी आठ वर्षे चाललेले युद्ध, आर्थिक निर्बंध, 2022 साली पोलिसांनी ताब्यात घेतल्यानंतर महसा अमिनी या तरुणीचा झालेला मृत्यू व त्यावरून पेटलेले आंदोलन, आणि जून 2025 मधले इस्रायलबरोबरचे बारा दिवसांचे युद्ध, यांपैकी कशावरून तरीच आपल्या वर्तमानपत्रांत इराणचे नाव येते. यातले काहीही खोटे नाही. मात्र हा सगळा दुर्लौकिक एकाच गाठोड्यात बांधून ठेवला, तर त्यातून 'जावे' किंवा 'जाऊ नये' एवढेच निघते, तयारी निघत नाही. म्हणून ते गाठोडे सोडून युद्धाची, कायद्याची, पैशांची, अन्नाची आणि रस्त्याची भीती वेगवेगळी मांडावी. प्रत्येकीचा बंदोबस्त निराळा आहे, आणि पहिलीचा तर थांबण्याखेरीज दुसरा बंदोबस्तच नाही.

जून 2025 च्या युद्धात इराणची हवाई हद्द पाहता पाहता बंद झाली. भारत सरकारला 'ऑपरेशन सिंधू' राबवून आपले विद्यार्थी आणि यात्रेकरू बाहेर काढावे लागले, आणि त्यांतल्या पहिल्या तुकड्या रस्त्याने सीमा ओलांडून आर्मेनियात गेल्या. त्यामुळे पहिली पायरी तिकिटाची नसून परराष्ट्र मंत्रालयाची आणि तेहरानमधल्या भारतीय दूतावासाची सूचना वाचण्याची आहे. ती तिकीट काढण्याच्या दिवशी वाचावी आणि निघण्याच्या आदल्या आठवड्यात पुन्हा वाचावी. सूचना 'प्रवास टाळा' अशी असेल तर टाळावा, मग नुकत्याच जाऊन आलेल्या एखाद्याची चित्रफीत कितीही मोहात पाडणारी असो. अशा सूचनेविरुद्ध गेल्यास बहुतेक प्रवासविमे लागू होत नाहीत, आणि युद्धाने झालेले नुकसान तर पुष्कळ विम्यांतून आधीच वगळलेले असते. ती बारीक अक्षरांतली कलमे या एका देशासाठी तरी शेवटपर्यंत वाचावीत. थांबण्याचा काळ वाया जात नाही, कारण पुढे सांगितलेली निम्मी तयारी घरी बसूनच करायची आहे.

परिस्थिती निवळली तरी सगळा देश सारखा निवळत नाही. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानला लागून असलेला सिस्तान-बलुचिस्तान प्रांत आणि इराकच्या सीमेलगतचा पट्टा पहिल्या भेटीत सोडून द्यावा. तेहरान, काशान, इस्फहान, यझ्द आणि शिराझ ही एका माळेतली शहरे पंधरा दिवसांना पुरून उरतात.

आता व्हिसा. 4 फेब्रुवारी 2024 पासून साध्या भारतीय पारपत्रावर, विमानाने येणाऱ्यांना, सहा महिन्यांतून एकदा पंधरा दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश मिळत असे. नोकरीचे आमिष दाखवून भारतीयांना तिकडे नेण्याचे आणि खंडणीसाठी डांबून ठेवण्याचे प्रकार उघडकीला आल्यावर ही सवलत 22 नोव्हेंबर 2025 पासून स्थगित झाली. तेव्हा जुन्या लेखांत 'भारतीयांना व्हिसा लागत नाही' असे वाचून निघू नये आणि इराणमार्गे तिसऱ्या देशात पोहोचवून देणाऱ्या दलालाच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. इराणचा दूतावास दिल्लीत आहे आणि वाणिज्य दूतावास मुंबई व हैदराबाद येथे आहेत. शंका असेल ती तिथेच विचारावी. पारपत्रावर इस्रायलला जाऊन आल्याची खूण असेल तर प्रवेश नाकारला जातो. परदेशस्थ मराठी मंडळींसाठी एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. ब्रिटिश, अमेरिकी किंवा कॅनडाचे पारपत्र असलेल्यांना इराणमध्ये मोकळे फिरता येत नाही, मान्यताप्राप्त वाटाड्या बरोबर घ्यावा लागतो. आणि ज्यांना ब्रिटिश किंवा युरोपीय पारपत्रावर अमेरिकेत व्हिसाशिवाय जाता येते, त्यांची ती सवलत इराणला एकदा जाऊन आल्यावर जाते, पुढच्या वेळी रीतसर व्हिसा काढावा लागतो. पुढल्या वर्षी भावाकडे न्यू जर्सीला जायचे असेल तर हे आधी कळलेले बरे.

कायद्याच्या बाबतीत कुतूहलाला आवर घालणे भाग आहे. स्त्रियांनी, परदेशी असल्या तरी, सार्वजनिक ठिकाणी केस झाकावेत आणि सैल, अंगभर कपडे घालावेत असा कायदा आहे. 2022 नंतर तेहरानच्या रस्त्यांवर उघड्या केसांनी चालणाऱ्या मुली मोठ्या संख्येने दिसू लागल्या हे खरे. पण त्या जी जोखीम घेतात ती जाणूनबुजून, स्वतःच्या देशात, स्वतःच्या हक्कासाठी घेतात. पाहुण्याने त्यांची नक्कल करण्यात शौर्य नाही. आपल्याकडचा लांब बाह्यांचा पंजाबी ड्रेस आणि मोठी ओढणी इथे उत्तम चालते, नवीन काही शिवून घ्यावे लागत नाही. दर्ग्यांत स्त्रियांना अंगभर पांघरायची चादर लागते ती दाराशीच मिळते. पुरुषांनी अर्धी विजार घालून हिंडू नये. दारू बरोबर नेऊ नये आणि कोणी घरात गुपचूप देऊ केली तरी घेऊ नये. समलिंगी संबंधांना तिथे अत्यंत कठोर शिक्षा आहेत, ही गोष्ट ज्यांना लागू पडते त्यांनी ठरवतानाच ध्यानात घ्यावी. पोलीस, लष्करी ठाणी, सरकारी इमारती, पूल आणि विमानतळ यांची छायाचित्रे घेऊ नयेत, ड्रोन तर घरीच ठेवावा, आणि कुठे मोर्चा किंवा जमाव दिसला तर पाहत उभे न राहता मागच्या गल्लीने निघून जावे. परदेशी माणसांना हेरगिरीच्या संशयावरून तुरुंगात टाकल्याची उदाहरणे आहेत, आणि आपण निव्वळ हौशी प्रवासी आहोत हे तिथे सिद्ध करत बसण्याची वेळ येऊ न देणे एवढेच आपल्या हातात असते.

पैशांचा प्रश्न मात्र धोक्याचा कमी आणि गोंधळाचा जास्त आहे. निर्बंधांमुळे बाहेरचे एकही कार्ड तिथे चालत नाही. व्हिसा नाही, मास्टरकार्ड नाही, आपले रुपेही नाही. सगळ्या प्रवासाचा खर्च आणि वर अडीअडचणीचा चतुर्थांश एवढी रक्कम युरो किंवा डॉलरच्या स्वच्छ, न दुमडलेल्या नोटांत बरोबर न्यावी, आणि ती दोन-तीन ठिकाणी विभागून ठेवावी. नोटा बदलायच्या त्या 'सर्राफी'त, म्हणजे आपल्या सराफाच्याच नावाच्या पण चलन बदलून देणाऱ्या दुकानात. तेहरानमध्ये फिरदौसी रस्त्यावर अशी दुकाने ओळीने आहेत. फुटपाथवर हटकणाऱ्याकडे नोटा बदलू नयेत. त्यानंतरची मौज अशी की नोटेवर छापलेले असते रियाल आणि माणसे बोलतात तुमानमध्ये. एक तुमान म्हणजे दहा रियाल. शिवाय हजार हा शब्द गृहीत धरून गिळला जातो, त्यामुळे दुकानदार 'पंजाह' म्हणाला तर त्याच्या मनात पन्नास हजार तुमान, म्हणजे पाच लाख रियाल असतात. पहिल्याच संध्याकाळी मी एका टॅक्सीवाल्याच्या हातावर सांगितलेल्या भाड्याच्या दहापट नोटा ठेवल्या होत्या. त्याने त्या शांतपणे मोजल्या, एक ठेवून घेतली आणि उरलेल्या माझ्या शर्टाच्या खिशात खोचून दिल्या. प्रत्येक टॅक्सीवाला तसाच असेल असे नाही, म्हणून 'तुमान या रियाल?' हे तीन शब्द विमानातच पाठ करावेत.

त्याबरोबर आकडेही शिकून घ्यावेत, आणि त्याला एक संध्याकाळ पुरते. फारसी लिपी उजवीकडून डावीकडे जाते पण आकडे आपल्यासारखेच डावीकडून वाचायचे. शून्य म्हणजे नुसते टिंब, एक म्हणजे उभी रेघ, पाच म्हणजे पत्त्यांतला बदाम उलटा केलेला, सात म्हणजे वर तोंड केलेली पाचर आणि आठ म्हणजे तीच पालथी. एवढे येऊ लागले की बिल, बसचा क्रमांक आणि बाजारातला भाव दुसऱ्याच्या मदतीशिवाय वाचता येतो.

भाषेच्या बाबतीत मराठी माणसाइतका तयारीचा प्रवासी क्वचितच सापडेल. दरवाजा, शहर, बाजार, दुकान, कारखाना, जमीन, हवा, हजार हे शब्द तिथे थोड्याफार वळणाने तसेच ऐकू येतात. फारसी आपल्या कारभारात इतकी मुरली होती की शिवाजी महाराजांना तिला पर्यायी शब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घ्यावा लागला. परंतु हीच ओळख फसवतेही. तिथे 'हफ्ते' म्हणजे आठवडा, आणि आपला हप्ता त्यातूनच आलेला. 'मास्त' म्हणजे दही, तर 'मस्त' म्हणजे नशेत असलेला, त्यामुळे यजमानाकडे जेवून उठताना मस्त हा शब्द टाळलेला बरा. सगळ्यांत गमतीचा आहे तो 'दारूखाने'. दारूबंदी असलेल्या या देशात चौकाचौकांत ही पाटी दिसते आणि आत मिळतात ती औषधे, कारण दारू या शब्दाचा मूळ फारसी अर्थच औषध असा आहे.

शब्दांपेक्षा अवघड आहे तो 'तआरोफ', म्हणजे तिथली आग्रहाची आणि नकाराची रीत. दुकानदाराला किती झाले म्हणून विचारावे, तर तो छातीवर हात ठेवून 'काबेल नदारे' म्हणतो, म्हणजे तुमच्यापुढे याची काय किंमत. नवखा प्रवासी आभार मानून वस्तू उचलतो आणि बाहेर पडतो, आणि दुकानदाराची पंचाईत होते. खरे तर हे आपल्या 'राहू द्या हो, पैसे कुठे पळून जाताहेत' याच्या जवळचे आहे, आणि आपण जसे तेव्हाही पैसे देतोच तसे तिथेही द्यायचे. दोन-तीनदा आग्रह करावा; समोरचा आकडा सांगतोच. घरी जेवायला येण्याचे निमंत्रण रस्त्यात ओळख झालेल्या माणसाकडूनही मिळते, आणि त्यालाही हाच नियम. पहिल्यांदा नम्रपणे नाही म्हणावे, दुसऱ्यांदाही म्हणावे; तिसऱ्यांदा त्याने पत्ता आणि वेळ सांगितली तर ते निमंत्रण खरे आहे असे समजून मिठाईचा पुडा घेऊन जावे. तयारी करताना इराणी माणसांच्या आतिथ्याविषयी जे वाचनात येते ते अतिशयोक्त वाटते, पण तिथे गेल्यावर वाटत नाही. आणि तरीही हे आतिथ्य पाहून वर सांगितलेले कायदे सैल झाले असे मानू नये. चहा पाजणारा एक असतो आणि पारपत्र तपासणारा दुसरा.

शाकाहारी माणसाने मात्र गाफील राहू नये. 'कोर्मे सब्जी' हे नाव वाचून आपण निर्धास्त होतो. तिथे सब्जी म्हणजे हिरवा पाला, आणि त्या पाल्यात राजम्यासारख्या दाण्यांच्या जोडीला मांसाचे तुकडे शिजवलेले असतात. वांग्याच्या रश्शातही बहुधा मांस असते. 'बेदून-ए-गूश्त', म्हणजे मांसाविना, हे शब्द कागदावर फारसीत लिहून घेऊन हॉटेलात दाखवावेत, आणि तेवढ्यानेही कधी कधी फक्त तुकडे बाजूला काढून ताट पुढे येते हे मनात धरून ठेवावे. हमखास चालणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत पण चांगल्या आहेत: वांग्याच्या भरतात सुकवलेल्या ताकाचे 'कश्क' घालून केलेले कश्क-ए-बादेंजान, अंडे चालत असेल तर लसणाच्या खमंग वासाचे, वांग्याचेच मिर्झा कासेमी, काकडी घातलेले दही, आणि भाताची 'तहदीग'. तहदीग म्हणजे आपली खरवडच, पण तिथे ती पाहुण्यासमोर मानाने ठेवतात.

आणि ब्रेड. सकाळी सात वाजता कोणत्याही मोहल्ल्यात 'संगक'च्या भट्टीसमोर रांग असते. 'संग' म्हणजे दगड, आपल्या संगमरवरातला. भट्टीच्या उतरत्या तळाशी तापलेल्या बारीक खड्यांचा थर असतो आणि भटारी हातभर लांबीच्या फळीवर कणीक बोटांनी चेपत पसरून ती खड्यांवर सोडतो. दोन-तीन मिनिटांनी खाचखळग्यांची, ठिकठिकाणी करपलेली, लांबलचक पोळी बाहेर येते आणि जाळीच्या टेबलावर पडते. मग रांगेतला प्रत्येक जण आपापली पोळी उलटीपालटी करून, चटके सोसत, तिला चिकटलेले खडे नखाने काढून टाकतो. मी पहिल्या दिवशी हे न करताच घास घेतला होता, आणि शेजारच्या आजोबांनी काही न बोलता माझ्या हातातून पोळी घेऊन ती टेबलावर दोनदा आपटून परत दिली. ही पोळी, पनीर, अक्रोड आणि मूठभर ताजा पुदिना एवढ्यावर शाकाहाऱ्याची न्याहारी रोज होऊ शकते. चहा बिनदुधाचा मिळतो आणि खडीसाखरेचा किंवा साखरेचा खडा दातांत धरून तो प्यायचा असतो. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांतला ब्रून मस्का आणि घट्ट चहा इथे शोधू नये. ती हॉटेले काढणारे इराणी यझ्द आणि केरमानच्या भागातून आले खरे, पण तो मेनू त्यांनी आपल्याकडे येऊनच तयार केला.

फोनबाबत दोन ओळी पुरेत. फेसबुक, यूट्यूब, इन्स्टाग्रामसारख्या सेवांवर बंदी आहे, खोल्या आरक्षित करण्याची परदेशी संकेतस्थळे चालत नाहीत, आणि अशांततेच्या काळात सगळे इंटरनेटच बंद केले जाते. म्हणून नकाशे आधीच उतरवून घ्यावेत, पत्ते फारसीत कागदावर असावेत आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवावे की दोन दिवस निरोप आला नाही तर घाबरू नका, तिसऱ्या दिवशी दूतावासाला विचारा.

ज्या भीतीविषयी कोणीच विचारत नाही ती रस्त्याची. इराणमध्ये वाहतुकीच्या अपघातांत दरवर्षी हजारो माणसे दगावतात, आणि शांत काळात सामान्य प्रवाशाला खरा धोका कुठे असेल तर तो तेहरानचा रस्ता ओलांडताना असतो. पादचाऱ्यांच्या पट्ट्यांचा तिथे कोणी विचार करत नाही. एखाद्या स्थानिक आजीबाईंच्या बाजूला, गाड्या येतात त्याच्या पलीकडच्या अंगाला, उभे राहावे आणि त्या निघाल्या की निघावे. शहराशहरांतल्या प्रवासासाठी रात्री भाड्याची मोटार घेण्यापेक्षा तीन आसनांच्या रांगा असलेली 'व्हीआयपी' बस बरी. तेहरान ते इस्फहान हे साडेचारशे किलोमीटरांच्या आसपासचे अंतर तिच्यातून सुखाने कापता येते.

काळ निवडताना एप्रिलचा उत्तरार्ध ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर पाहावा. 20 किंवा 21 मार्चला नवरोझ, म्हणजे इराणी नववर्ष, येतो आणि त्यानंतरचे तेरा दिवस सगळा इराणच प्रवासाला निघालेला असतो, खोली मिळत नाही. रमजानमध्ये दिवसा उघड्यावर खाणेपिणे वर्ज्य असते. शुक्रवारी बाजार बंद असतात.

काय पाहावे याची यादी मी देणार नाही, ती कुठेही मिळते. इस्फहानचा नक्श-ए-जहान चौक संध्याकाळी पाहावा आणि झायंदे नदीत पाणी असेलच असे धरून जाऊ नये, ती बरेचदा कोरडी असते. यझ्दला मात्र एक दिवस जास्त ठेवावा. तिथल्या अग्निमंदिरातला अग्नी इसवी सन 470 पासून तेवत आहे असे सांगतात. त्याची सध्याची इमारत 1934 ची, आणि ती उभारायला मुंबईच्या पारशांनी हातभार लावला होता. त्याच गावात कनात, म्हणजे जमिनीखालून मैलोगणती पाणी आणणारे बोगदे, खाली उतरून पाहता येतात. औरंगाबादची नहर-ए-अंबरी किंवा बुऱ्हाणपूरचे कुंडी भंडारा पाहिलेल्याला ही विद्या कुठून आली ते वेगळे सांगावे लागत नाही. शिराझला हाफिजच्या कबरीपाशी रात्री जावे, तेव्हा माणसे त्याच्या ओळी पुटपुटत उभी असतात. बहमनी सुलतानाने या कवीला दख्खनला बोलावले होते, तो होर्मुझपर्यंत येऊन गलबतावर चढलाही, पण वादळ पाहून उतरला आणि गझल लिहून पाठवून परत फिरला, असे फरिश्ता या जुन्या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे.

पर्सेपोलिस, म्हणजे प्राचीन इराणी सम्राटांच्या राजधानीचे अवशेष, शिराझपासून सुमारे साठ किलोमीटरवर आहे. उन्हाच्या आधी, दार उघडताच आत शिरावे आणि थेट अपादान महालाच्या पूर्वेकडच्या जिन्यापाशी जावे. तिथल्या दगडी भिंतीवर सम्राट दरायसच्या साम्राज्यातल्या तेवीस जनसमूहांची शिष्टमंडळे नजराणे घेऊन चालली आहेत. त्यांत उघड्या अंगाची, धोतरासारखे वस्त्र नेसलेली मंडळी सापडेपर्यंत शोधावे. त्यांच्याबरोबर एक गाढव आहे, आणि एकाने खांद्यावर कावड घेतली आहे, दोन्ही टोकांना टोपल्या लटकवलेली. तिच्यात सोन्याची भुकटी असावी असे जाणकार मानतात. ते हिंदुस्थानचे, म्हणजे सिंधूकाठचे लोक आहेत. अडीच हजार वर्षांपूर्वीची ती कावड आपल्या शिखर शिंगणापूरच्या वाटेवरच्या कावडीइतकी ओळखीची वाटते, आणि वाटाड्याला ती दाखवून द्यावी लागत नाही.

लोक स्वतःहून राजकारण बोलतात, टॅक्सीत तर हटकून. ऐकावे, पण विषय आपण काढू नये, मत देऊ नये आणि कोणी काय म्हटले ते नावानिशी किंवा चेहऱ्यासकट कुठे प्रसिद्ध करू नये, परत आल्यावरही नाही. आपल्याला त्याचे चार शाबासकीचे शब्द मिळतील आणि त्याची किंमत बोलणारा मोजेल.

परतीच्या आदल्या दिवशी उरलेले रियाल संपवावेत, कारण सीमेबाहेर ते कोणी घेत नाही. खोरासानचे केशर आणि पिस्ते यांवर ते सहज संपतात. केशर सुटे न घेता शिक्क्याच्या डबीतले घ्यावे. जुनी नाणी किंवा पुरातन वाटणारी भांडी विकत घेऊ नयेत, ती देशाबाहेर नेण्यास बंदी आहे. दुसऱ्याचे पुडके, ते कितीही लहान असो, आपल्या पिशवीत घेऊ नये. आणि विमानतळावर नेणाऱ्या टॅक्सीवाल्याने 'काबेल नदारे' म्हटले की त्यासाठी बाजूला काढून ठेवलेल्या नोटा तिसऱ्यांदा पुढे कराव्यात.